आधी सगळं ढिलं कर

पाना-पक्कड

अलिबागहून मुरुडला जाताना हात जरा सैल सोडले की माझी जुनी बुलेट डावीकडे ओढायची. दोन वर्षं मी त्याचं खापर रस्त्याच्या उतारावर फोडलं, मग टायरवर, मग वाऱ्यावर. रेवदंड्याच्या पुलावर वारा उजवीकडून येतो, त्यामुळे तो आरोप बरेच दिवस टिकला. शेवटी काशीदच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, खाली दबला, तो पुन्हा वर यायला तयार होईना. दोष माझ्या पुढ्यातच होता, तेव्हा कुठे मान्य केलं.

मुरुडला बोटींच्या इंजिनांची कामं करणारे एक चाचा आहेत. मोटारसायकल त्यांच्या धंद्यात बसत नाही, पण लेथ आहे, प्रेस आहे आणि वाकलेल्या शाफ्टवर अर्धं आयुष्य गेलं आहे. गाडी स्टँडवर लावली तेव्हा मी सवयीने पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल पिळून सरळ करायला लागलो. आपण सगळे हेच करतो. चाचा म्हणाले, "आधी सगळं ढिलं कर, मग बोल."

चिमटा वाकडा दिसतो तेव्हा दर वेळी तो वाकलेलाच असतो असं नाही. बरेचदा तो पिळून बसवलेला असतो. मडगार्डची पट्टी भोकाला जुळत नाही म्हणून कुणीतरी ती ताणून बोल्ट मारतो, आणि मग दोन्ही पाय कायमचे एकमेकांकडे ओढलेले राहतात. शॉकअप अडकतो, ऑइल सील एका बाजूने झिजतं. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं, स्प्रिंग गेली. माझ्या गाडीचं आधीच्या कुठल्यातरी गॅरेजात हेच झालं होतं. मडगार्डचे बोल्ट सोडले तसे दोन्ही पाय डोळ्यांदेखत बाहेर सरकले, फार नाही, दोन-तीन मिलिमीटर.

पण तेवढ्यावर भागलं नाही. टिनाची कव्हरं उतरवली तर पाइपांवर गंजाची एक-एक बारीक अंगठी. पावसाळ्याचे चार महिने गाडी उभी असते, खारा दमटपणा कव्हरात शिरून बसतो आणि सीलच्या ओठाशीच क्रोमला खातो. दिवाळीत गाडी बाहेर काढली की तीच खरबरीत अंगठी सीलमधून वरखाली होते आणि सील कापते. सील बदला, महिन्याभरात पुन्हा तेल. किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांना सीलचा नव्हे, पाइपचा आजार असतो. त्यावर उपाय एकच: जुनं क्रोम उतरवायचं, नवं हार्ड क्रोम जाड चढवायचं आणि घासून मापावर आणायचं. नाहीतर सरळ नवे पाइप.

मग काच आली. खिडकीच्या जुन्या तावदानाचा तुकडा, वीतभर रुंद. खालच्या टीच्या, म्हणजे दोन्ही पाइपांना एकत्र धरणाऱ्या आडव्या तुकड्याच्या, खाली पाइपांवर ती आडवी टेकवायची आणि कोपरे बोटाने दाबायचे. एक कोपरा टक्‌ वाजला तर पाइप एकमेकांशी समांतर नाहीत. माझ्या गाडीवर काच निमूट बसली. मी खूश. चाचांनी पाइप खोलून तोच तुकडा फळीवर ठेवला आणि त्यावर एक पाइप हलकेच लोळवला. खालून उजेडाची फट दिसली, मिटली, पुन्हा दिसली. दुसऱ्याचंही तेच. खड्ड्यात चाक समोरून आपटलं की दोन्ही पाइप खालच्या टीच्या लगेच खाली मागे वाकतात, आणि बहुधा सारखेच. दोघे सारखे वाकडे असले तर काचेला सरळच वाटतात!

थोडासा बाक प्रेसवर थंडच काढता येतो. पाइपला चुणी पडली असेल तर तो भंगारात. गॅस लावून सरळ करणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. तापवलेल्या पाइपची ताकद जाते आणि ते बाहेरून दिसत नाही. इथे 'जुनं ते सोनं' मला मंजूर नाही. इंजिनाचा जुना भाग हट्टाने सांभाळा, चिमट्याचा नको. माझ्या डाव्या पाइपला चुणी होती. तो मी घरी आणला नाही.

जुळवणी कळायला आधी या चिमट्याची रचना कळायला हवी. बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ वर तेलात दबणारा दुर्बिणीसारखा चिमटा दिला. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उतरवायची रॉयल एनफिल्डची चिमुकली फ्लाइंग फ्ली मात्र पुढे रबराच्या पट्ट्यांवरच झुलत होती. १९५५ साली मद्रासला बुलेटचं बस्तान बसलं तेव्हा तेलाचा चिमटा सोबत आलाच. हेडलाइट, मीटर आणि दोन टायगर लॅम्प ज्या एकाच डब्यात बसतात, त्याच डब्यात हे पाइप वरून आट्यांनी घट्ट होतात. म्हणून बुलेटला वरचं टोक हलवायला वाव नाही, जे जुळवायचं ते खाली.

जुळवताना चाचांनी खालच्या टीचे बोल्ट, मडगार्ड आणि एक्सलची एका बाजूची टोपी ढिली ठेवली. दोन्ही पायांत तेल मापून सारखं. गाडी स्टँडवरून उतरवून हँडलवर भार देत आठ-दहा वेळा दाबली. पायांनी आपली जागा आपण शोधली. मग टी, मग टोपी, सगळ्यात शेवटी मडगार्ड. त्याचं एक भोक जुळेना तर चाचांनी पट्टीच कानसली, पाय ओढले नाहीत.

दोन दिवसांची मजुरी सांगितली तेव्हा माझ्या तोंडून सवयीने "थोडं कमी करा" निघालं. गेल्या वर्षी टाकीवरच्या सोनेरी रेषा पुन्हा काढून घेतल्या, तेव्हा मात्र मी घासाघीस केली नव्हती. चाचांनी एकदा टाकीकडे पाहिलं आणि काच पुसायला घेतली. मी पूर्ण पैसे दिले.

परतताना रेवदंड्याच्या पुलावर वारा होताच. या वेळी डावीकडून.