टेलेत न मावलेलं वावर

"निसर्गाचे फोटो काढायचेत, आधी कोणती लेन्स घेऊ?" असं कुणी विचारलं की परवापरवापर्यंत माझं उत्तर ठरलेलं होतं. डोळे मिटून टेले घे!

कारण आपला वाशीम जिल्हा. वाइड घेऊन उभं राहावं तर अर्धं आभाळ, खाली जमिनीची एक पट्टी आणि मधे विजेचा खांब. लोणारच्या काठावर उभं राहिलं की वाइड हवीच, पावणेदोन किलोमीटरचं ते विवर दुसऱ्या कशात मावणार? पण ते पडलं बुलढाण्यात. आपल्याकडे आहे कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. तिथे चार पावलं पुढे टाकली की हरणं पसार. मग ३०० मिमीला पर्याय नाही.

तर गेल्या हिवाळ्यात मला 'तो' फोटो मिळाला. धुऱ्यावर उभा काळा नर, पिळदार शिंगं, कोवळं ऊन आणि मागे मखमलीसारखा धूसर हिरवा रंग. मोठा प्रिंट काढला आणि मिरवत मामाकडे नेला. मामाने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला,

"मस्त हाये रे बाबू. पन माहं वावर कुठी गेलं याच्यात?"

ती मखमल म्हणजे मामाचा हरभरा होता. ज्याच्यासाठी तो थंडीत रात्र रात्र जागलीला जातो, तो.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३०० मिमी लेन्सला कर्णात जेमतेम ८ अंश दिसतं, २४ मिमीला ८४. मधल्या ७६ अंशांत काय काय होतं ते मी सोयीस्करपणे कापलं होतं. मामालाही.

दुसऱ्या दिवशी वाइड घेऊन वावरात गेलो. वाइडचं एक आहे, लांबचं सगळं मुंगीएवढं होतं. त्यामुळे पायाशी काहीतरी हवं, आणि त्यासाठी खाली बसावं लागतं. बसलो. समोर शेंडे खुडलेली झाडं, ओल्या मातीत खुरांचे ठसे, मागे मामाचा माळा आणि त्यावर लोंबणारं घोंगडं. पार लांब अभयारण्याच्या बाजूला चार ठिपके, तीच हरणं. फोटो देखणा नाही. पण खरा आहे. नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडायलाही हाच कामाचा.

म्हणून टेले खोटी असं मी म्हणणार नाही. जनावराला न बिथरवता लांबून फोटो काढता येतो, हा तिचा मोठाच गुण. शिवाय मागचं जवळ ओढल्यासारखं दिसतं तेही लेन्समुळे नाही, आपण लांब उभे राहतो म्हणून. माझं म्हणणं एवढंच: टेलेने हवा तो फोटो मिळाला की निघण्याआधी त्याच जागेवरून एक वाइड काढा. काळवीट कायद्याने संरक्षित आहे आणि असायलाच हवा. पण तो ज्याच्या वावरात चरतो, तो माणूसही त्या निसर्गातच राहतो ना?

असो. दोन्ही फोटो मामाला दिले. बैठकीत त्याने कोणता लावला असेल? काळविटाचाच!

"जनावर देखनंच हाये ना पन," म्हणाला. :)