बोटुकलीचा वंश सांगा

पावसाचे पाणी साठले की माजलगाव आणि मांजरा जलाशयांत, तसेच बीड जिल्ह्यातल्या शेततळ्यांत रोहू, कटला, मृगळाची बोटुकली सोडली जाते. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतले हे बीज शेतकरी नग आणि लांबी पाहून घेतो. त्याचे आईबाप कोणते, हे त्याला कोणी सांगत नाही. याच शेतकऱ्याला कापसाच्या पाकिटावर वाणाचे नाव आणि उगवणशक्ती छापून मिळते!

वंशाने किती फरक पडतो, हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने 1992 मध्ये नॉर्वेच्या शास्त्रज्ञांसह गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रेतले रोहू एकत्र केले आणि पिढ्यान्‌पिढ्या सरस मासे निवडले. त्यातून 1997 मध्ये ‘जयंती रोहू’ आला. दर पिढीला वाढीत सरासरी सुमारे 17 टक्के भर पडली. पुढे एरोमोनास जिवाणूला तोंड देण्याची ताकद पाहूनही निवड झाली.

अनेक खासगी बीजकेंद्रांत मात्र उलटे घडते. भराभर वाढलेले मासे बाजारात जातात, मागे पडलेले पैदाशीला उरतात. त्याच मोजक्या नर-माद्यांपासून वर्षानुवर्षे बीज काढले की भावंडांचाच संकर होतो. वाढ खुंटते, पिल्ले दगावतात, व्यंगे वाढतात. शेतकरी दोष देतो खाद्याला आणि पाण्याला.

बीडला हे परवडणारे नाही. इथली बरीच शेततळी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात, म्हणून मासा मोजक्या महिन्यांत वजनावर यायला हवा. पण नुसते वजन पुरेसे नाही. तापलेल्या उथळ पाण्यात प्राणवायू कमी पडतो; तिथे तगणारा, निरोगी मासाच हवा. व्यंग घेऊन जन्मलेला मासा तळ्यात कुढतो, तेव्हा हाल त्या जिवाचे होतात आणि तोटा शेतकऱ्याचा.

मत्स्यव्यवसाय विभागाने प्रत्येक पिशवीवर बीजकेंद्राचे नाव, वाण आणि पैदाशीचे मासे कुठून, कोणत्या वर्षी आणले, हे लिहिणे सक्तीचे करावे. ते मासे ठरावीक मुदतीत बदलले जातात की नाही, हे तपासावे. शेततळ्याला अनुदान देणाऱ्या सरकारने त्यात सोडायच्या बीजाचीही हमी घेतली पाहिजे.