मुदतबाह्य प्रणाली आणि आपली जबाबदारी

मुदत संपलेले औषध आपण फडताळात ठेवत नाही. औषधे नियमांतील १६१-ब हा नियम आयुर्वेदीय औषधांनाही मुदत घालून देतो, हे आपण सारे जाणतो. मात्र त्याच औषधांचा हिशेब ठेवणारी संगणक प्रणाली कालबाह्य झाली, तर तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. “चालते आहे ना, मग कशाला हात लावायचा?” असे व्यवसायबंधू म्हणतात. काही महिन्यांपूर्वीपर्यंत मीही तेच म्हणत असे.

नवेगाव बांध येथे माझे चिकित्सालय व त्यास जोडून लहानसे औषधालय आहे. तेथील संगणकावर विंडोज ७ आणि तितकाच जुना बिलाचा प्रोग्राम होता. आमच्या घाऊक विक्रेत्याने आपल्या मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, नवी आवृत्ती बसविली. माझा प्रोग्राम तोच राहिला. मागणी जात होती, बीजके उतरत होती, कोठेही अडले नाही. पूर्वी प्रत्येक बॅचची नोंद स्वतंत्र येत असे. नव्या आवृत्तीत एका औषधाखाली सर्व बॅचची यादी येऊ लागली. माझा जुना प्रोग्राम त्या यादीतील शेवटचाच दिनांक वाची आणि तो शिल्लक साऱ्या डब्यांना लावी. एके दिवशी सितोपलादि चूर्णाची डबी एका वृद्ध रुग्णाच्या हाती देताना सहज वेष्टन पाहिले. मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. संगणकाच्या मते मात्र तिला अद्याप वर्षभराचा अवकाश होता.

चरकसंहितेत विरुद्धाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. विरुद्ध आहाराचे उदाहरण म्हणून आपण दूध व मासे सांगतो. दोन्ही पदार्थ आपापल्या ठिकाणी निर्दोष, दोष संयोगात. जुना प्रोग्राम व नवा सर्व्हर यांचेही तसेच आहे.

कधी सर्व्हर जुन्या प्रोग्रामला सरळ नकार देतो. टीएलएस या सुरक्षित संदेशवहन पद्धतीच्या १.० व १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे वापराबाहेर ठरल्या. २००८ साली आलेली १.२ ही आवृत्ती ज्या संगणकाला येत नाही, त्याला अनेक सर्व्हर दारातूनच परत पाठवितात. त्या दिवशी काम खोळंबते, मनस्ताप होतो. पण दोष निदान दिसतो. खरा घातक प्रकार दुसरा: सर्व्हर बोलतो, प्रोग्राम अर्धेच समजतो आणि तरीही मान डोलावतो. वेदना नसलेला व्याधी उशिरा सापडतो, हे वैद्याला वेगळे सांगावयास नको.

यात केवळ आपला आळस आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. नव्या आवृत्तीसाठी पुष्कळदा नवा संगणकच घ्यावा लागतो आणि आमच्यासारख्यांना त्यासाठी गोंदिया गाठावे लागते. म्हणूनच आपल्या संघटनेने प्रणाली विक्रेत्यांकडे दोन गोष्टींचा आग्रह धरावा, असे माझे मत आहे. सर्व्हर बदलण्यापूर्वी मराठीत लेखी पूर्वसूचना मिळावी. आणि न जुळणाऱ्या जुन्या प्रोग्रामकडून साठ्याची देवाणघेवाण सर्व्हरने स्पष्ट शब्दांत नाकारावी. चुकीच्या होकारापेक्षा स्वच्छ नकार रुग्णाच्या हिताचा आहे.

आपल्याकडूनही क्रम पाळला जावा. नवेगान्धारणीय अध्यायात (आमच्या गावाच्या नावावरून वैद्यमित्र याच अध्यायाची थट्टा करतात) अहितकर सवय अंशाअंशाने सोडून हितकर अंशाअंशाने स्वीकारावी, असा उपदेश आहे. तद्वत प्रथम सर्व नोंदींची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवावी. मग एकाच संगणकावर नवी आवृत्ती बसवून ती पारखावी आणि त्यानंतरच इतरांकडे वळावे. तोवर जुन्या संगणकावरून साठ्याची नोंद करू नये.

हे सारे होण्यास वेळ लागेल. पण आज दुकान बंद करण्यापूर्वी फडताळातील कोणत्याही दहा डब्या उचलून त्यांवरील दिनांक पडद्यावरील दिनांकाशी ताडून पाहावेत. एक जरी जुळला नाही, तरी दुसऱ्या दिवशी संगणकावर विसंबून औषध देऊ नये.