घड्याळ कोणाचे, झोप कोणाची?

जानेवारीत जयपूरच्या शास्त्री नगरात सकाळी सहा वाजता काळोख असतो. सूर्योदयाला आणखी सव्वा तास असतो. त्या काळोखातच घरोघरी डबे भरले जातात, पहिल्या पाळीचा कामगार सायकल बाहेर काढतो आणि सातच्या शाळेसाठी मुलांना हलवून उठवावे लागते. मूल पेंगत असते, कामगाराचे अंग जड झालेले असते. शाळेत शिक्षक आणि कारखान्यात मुकादम या दोघांनाही एकाच शब्दाने बोल लावतात: आळस! हा आरोप कितपत खरा आहे, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

याच शहरातील जंतर मंतरमध्ये सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेले सम्राट यंत्र आहे. सुमारे २७ मीटर उंचीचे हे सूर्यघड्याळ जयपूरची स्थानिक वेळ दाखवते आणि ती वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी २७ मिनिटे मागे असते. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि जयपूर त्याच्या बरेच पश्चिमेस आहे. म्हणजे मनगटावर सहा वाजतात, तेव्हा सूर्याच्या हिशेबाने जेमतेम साडेपाच झालेले असतात. या दोन घड्याळांपैकी माणसाचे शरीर कोणते मानते?

विज्ञानाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ मध्ये लाजाळूचे रोप अंधारात ठेवले, तरीही त्याची पाने दिवसरात्रीच्या लयीने मिटत-उघडत राहिली. सजीवाच्या आतच एक घड्याळ असते, ते हे. त्याची पेशीतील यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मेंदूतील हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित अधिक वेळेचे असते. म्हणून ते रोज जुळवून घ्यावे लागते आणि हे काम मुख्यतः प्रकाश करतो. सकाळचा उजेड त्याला पुढे आणतो, रात्रीचा दिवा मागे ढकलतो. पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि झोप आणणारे मेलाटोनिन रक्तात असते. अशा वेळी उठवलेला माणूस उभा राहतो, पण पुरता जागा होत नाही. पौगंडावस्थेत तर हे घड्याळ आणखी उशिरा चालते. ‘लवकर निजे, लवकर उठे’ हा उपदेश ठीक आहे. परंतु ज्याची संध्याकाळ दुसऱ्या पाळीला विकली गेली आहे, त्याने लवकर निजावे कसे?

घड्याळाचा हा झगडा मराठी कामगाराला नवा नाही. विजेचे दिवे येण्यापूर्वी मुंबईच्या गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. दिवे आले आणि मालकांनी कामाचा दिवस रात्रीत ओढला. पुढे १९०६ च्या आरंभी, मुंबईच्या वेळेहून ३९ मिनिटे पुढे असलेली प्रमाणवेळ लागू झाली. त्याच जानेवारीत जेकब ससून गिरणीतील हजारो कामगार या नव्या वेळेविरुद्ध काम सोडून बाहेर पडले. त्यांना शरीरशास्त्र कोणी शिकवले नव्हते. भोंगा सूर्याच्या आधी वाजणार आणि ती झोप आपल्या अंगातून वजा होणार, एवढे मात्र त्यांना पक्के कळले होते. मुंबईची जुनी वेळ त्यानंतर अनेक दशके शहरात तग धरून राहिली.

आजही ही वजाबाकी सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांच्या भारतातील अभ्यासानुसार, सूर्यास्त तासाभराने उशिरा झाला तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते. कारण निजण्याची वेळ मावळतीबरोबर सरकते, शाळेची घंटा जागची हलत नाही. हा परिणाम गरीब घरांत अधिक दिसतो. रातपाळीची स्थिती याहून बिकट आहे. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराचे शरीर एका वेळेशी जुळते न जुळते तोच दुसरी वेळ सुरू होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराची लय बिघडवणारे पाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले आणि २०१९ मध्ये रातपाळीबाबत तोच निष्कर्ष कायम ठेवला.

प्रमाणवेळ मोडा, असा याचा अर्थ नव्हे. रेल्वेला आणि देशाच्या व्यवहाराला एक वेळ हवीच. परंतु कामाचे तास त्या वेळेवर कोठे ठेवायचे, हे माणसे ठरवतात. आसामच्या चहामळ्यांत ‘बागान टाइम’ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे चालतो. उजेडाचा प्रत्येक तास वेचून घेण्यासाठी ब्रिटिश मळेवाल्यांनी तो रूढ केला. उत्पादनासाठी घड्याळ हलवता येते, तर कामगाराच्या आरोग्यासाठी ते का हलू नये?

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला. मुलांची झोप अपुरी राहते, हे सरकारने त्यात मान्य केले. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. मुलाला झोप हवी आणि त्याच्या बापाला नको, हा कोणता न्याय?

कामगार संघटनांनी झोपेचा प्रश्न वेतनाच्या बरोबरीने मागणीपत्रकात घातला पाहिजे. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पुढे सरकाव्यात; दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती असावी; सलग रातपाळ्यांना मर्यादा असावी; रातपाळीच्या कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी व्हावी. आठ तासांच्या दिवसाचा लढा लढणाऱ्यांनी आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी मागितले होते. त्यातील मधले आठ तास शरीराला मानवतील अशा वेळी मिळतात का, हे पाहणे त्याच लढ्याचा भाग आहे. शास्त्री नगरातील त्या काळोख्या सकाळी पेंगणारे मूल आणि त्याचा बाप आळशी नाहीत. त्यांची झोप अपुरी आहे, आणि ती त्यांना परत मिळवून दिली पाहिजे.