पाळी आली, पण बीज बाहेर पडले का?

जसोंडीसारखे गाव असो की राज्याच्या सीमेपलीकडचे रावेर, पाळी लांबली की बरेचदा थेट मेडिकल गाठले जाते. पाच-सात दिवस गोळ्या घेतल्या की पाळी येते आणि घर निर्धास्त होते. मला धोका दिसतो तो या निर्धास्तपणात. त्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक असते. ती थांबली की गर्भाशयाचे अस्तर गळून पडते, एवढेच. स्त्रीबीज बाहेर पडले की नाही, हे त्यावरून कळत नाही. आणि तेच पडत नसेल तर दिवस राहणार कसे?

मेंदूखालची पियुषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक सोडते, त्याने बीजाची पुटिका वाढते. मग तिचेच दुसरे संप्रेरक, एलएच, उसळी घेते आणि पुटिका फुटून बीज बाहेर येते. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) या विकारात बरेचदा इन्शुलिन वाढलेले असते, अनेकींचे एलएचही चढते. मग बीजांडकोश पुरुषी संप्रेरके जास्त बनवतो आणि बीज अर्ध्यावरच थबकते. काहींच्या मानेवर काळा, जाडसर पट्टा उमटतो. पोरीला "मान नीट घास" म्हणून बोलणी बसतात, पण तो मळ नसतो, बहुधा वाढलेल्या इन्शुलिनची खूण असते. इकडे अस्तर इस्ट्रोजेनवर वाढतच राहते. वर्षानुवर्षे असे चालले तर त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

प्रत्येक चुकलेली पाळी पीसीओएसची नसते. थायरॉइड मंदावले, प्रोलॅक्टिन वाढले, तरी पाळी बिघडते. राबणाऱ्या बाईच्या पोटात पुरेसे अन्न नसेल तर मेंदूच बीजांडकोशाला जाणारे संदेश कमी करतो. अशा सगळ्याजणींना एकच गोळी देणे म्हणजे दुखणे झाकणे.

आणि झाकण्याचा कंटाळा आला की गर्भाशयाची पिशवीच काढतात. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या तक्रारींवर हा उपाय नव्हे, ही बाईच्या शरीराची लूट आहे.

पाळी सतत २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येत असेल, तर आधी गर्भ नाही ना ते पाहा, मग थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि साखर तपासायला सांगा. नुकत्याच वयात आलेल्या मुलीला ४५ दिवसही लागू शकतात. तिच्यावर लगेच शिक्का नको. आणि वर्षभरात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर सुनेला एकटीला दवाखान्यात पाठवू नका. मुलाचीही वीर्यतपासणी पहिल्याच खेपेला करून घ्या.