खतावणीत न उतरलेली नोंद



आपल्या शास्त्रात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. प्रथम जाणीव, मग जिज्ञासा, मग निश्चय आणि शेवटी तो निश्चय टिकवून ठेवणे. पहिल्या तीन पायऱ्या शाबूत राहून चौथीच ढासळली तर काय होते, हे वैद्यकाला १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे उमगले.

हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. झटके कमी झाले, बुद्धीही शाबूत राहिली. मात्र नवी आठवण टिकेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षे तपासत, तरी प्रत्येक भेटीत त्या त्याला अनोळखीच. आपल्या भाषेत सांगायचे तर रोजमेळ लिहिला जात होता, बालपणाची जुनी खाती वाचता येत होती. पण आजची नोंद खतावणीत उतरवणारा मुनीमच उरला नव्हता. २००८ साली तो निवर्तला, तोवर हीच स्थिती राहिली.

आता अशी दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया करीत नाहीत. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात एकाच बाजूचा दोषी भाग काढतात आणि त्याचा लाभ मोठा आहे. कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षअखेरीस शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण मुक्त होते. केवळ औषधे घेणाऱ्यांत ८ टक्के. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत ही शस्त्रक्रिया अनेक वर्षे होत आहे.

तथापि जमेबरोबर नावेची बाजूही पाहावी. डाव्या टेम्पोरल भागावरील शस्त्रक्रियेनंतर नावे, शब्द, ऐकलेले निरोप लक्षात ठेवणे काहींना जड जाते. विशेष म्हणजे ज्याची स्मरणशक्ती आधी उत्तम, त्यालाच हानीचा धोका अधिक. उलट, झटके चालूच राहिले तर तेही स्मृती पोखरतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी स्मरणशक्तीची रीतसर चाचणी होते. तिचा अर्थ डॉक्टरांकडून समजून घ्यावा: बाजू कोणती, आज शिल्लक किती, घट किती संभवते?

माझ्या परिचयातील एक तरुण शस्त्रक्रियेनंतर पेढीवर परतला. झटके थांबले होते, पण गिऱ्हाइकांची नावे निसटू लागली. "याचे लक्षच नसते," असे वडील चारचौघांत म्हणत. मुलगा गप्प होत गेला. वडील त्याच्याबरोबर तपासणीला गेले, तेव्हा उलगडा झाला की हा निष्काळजीपणा नाही. आता गल्ल्याशेजारी एक लहान वही असते. त्यात नावे मुलगा लिहितो आणि सायंकाळी दोघे मिळून ती वाचतात.

कठोर शब्दानेही हिंसा घडते, हे आपण जाणतो. धारणा उणी पडली, तेथे घराने तिची जागा घ्यावी.