तबकडीचे तीन पाय

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. तोंड पांढरंशुभ्र, पण बोलत नाही. पाय तीन, पण चालत नाही. स्वतः जागची हलत नाही आणि सगळ्या जगाला वेळ सांगते. ओळखा पाहू कोण?

बरोबर! घड्याळाची तबकडी. ‘पण बाई, तबकडीला पाय कुठे असतात?’ असं तुम्ही लगेच विचाराल. असतात बरं का! फक्त ते आपल्याला दिसत नाहीत. ते तबकडीच्या पाठीमागे असतात. आज आपण त्या लपलेल्या पायांची गंमत पाहणार आहोत, आणि तीही खिशातल्या घड्याळाच्या.

खिशातलं घड्याळ तुमच्यापैकी पुष्कळांनी चित्रातच पाहिलं असेल. पुरीएवढं गोल, चपटं, वर चावी द्यायची बोंडी आणि बोंडीभोवतीच्या कडीला अडकवलेली साखळी. हातघड्याळं सर्रास वापरात येण्यापूर्वी लोक ते कोटाच्या नाहीतर जाकिटाच्या खिशात ठेवायचे. धोतर नेसणारे कनवटीलाही खोचायचे. असं घड्याळ हातात घेऊन तबकडी नीट न्याहाळली, तर बहुतेक वेळा तिच्यावर एकही खिळा दिसत नाही, एकही स्क्रू दिसत नाही. नुसते आकडे आणि काटे! घड्याळ खिशात उलटंसुलटं होतं, माणूस धावतो, टांग्यात बसून धक्के खातो, तरी तबकडी तसूभरही सरकत नाही. मग ती बसवलेली असते तरी कशी?

‘डिंकाने चिकटवली असेल,’ असं कुणीतरी म्हणेल. पण थांबा. तबकडीच्या मागे घड्याळाची चाकं असतात. ती साफ करायची, त्यांना तेल द्यायचं, तर तबकडी आधी काढावी लागते. म्हणजे ती पक्की तर बसली पाहिजे, पण हवी तेव्हा सुटलीही पाहिजे. चिकटवून टाकली की काम बिघडलं.

‘मग समोरून चार स्क्रू ठोकायचे!’ असं दुसरं कुणी म्हणेल. त्यात एक मोठी अडचण आहे. जुन्या चांगल्या घड्याळांच्या तबकड्या इनॅमलच्या असत. इनॅमल म्हणजे एक प्रकारची काचच. तांब्याची पातळ चकती घ्यायची, तिच्यावर काचेची बारीक पूड पसरायची आणि सुमारे ८०० अंश सेल्सियसला भट्टीत घालायची. पूड वितळून चकतीवर गुळगुळीत पांढरा थर चढतो. मग त्यावर आकडे रंगवून चकती पुन्हा भाजायची. म्हणून तर शंभर वर्षं झाली तरी ते आकडे पुसट होत नाहीत. काच फक्त पुढेच चढवून भागत नाही. तांबं आणि काच तापल्यावर सारखी फुगत नाहीत आणि गार होताना सारखी आकसत नाहीत. एकाच बाजूला काच असली, तर चकती वाकते आणि थराला भेगा पडतात. म्हणून मागच्या बाजूलाही काचेचा थर देतात. दोन्हीकडून ओढ सारखी झाली की चकती सरळ राहते.

तुमच्या आजीकडे इनॅमलचा जुना मग किंवा थाळी असेल, तर बघा. कुठेतरी टवका उडून खालचा काळा पत्रा दिसत असेल. आपटलं किंवा वाकलं की इनॅमल असं उडतं. तबकडीचंही तसंच. जोर पडला, की चर्र!

म्हणजे कारागिरापुढे तीन अटी होत्या. तबकडी हलता कामा नये. हवी तेव्हा निघाली पाहिजे. आणि तिच्यावर ताण पडता कामा नये. या तिन्ही अटी पाळायला कारागिरांनी तिला पाय दिले.

हे पाय म्हणजे तांब्याच्या तारेचे छोटे तुकडे. काच चढवण्याच्या आधीच ते चकतीच्या पाठीला झाळून पक्के करतात. आधीच का? कारण काच चढल्यावर झाळकाम करायला गेलं, तर त्या आचेने काच तडकेल. तांब्याचेच का? तेही सांगते, पण जरा दमाने.

तबकडीच्या मागे पितळेची एक जाड चकती असते. घड्याळजी तिला प्लेट म्हणतात. घड्याळाचं सगळं यंत्र या प्लेटवर उभं असतं. प्लेटला पायांच्या मापाची भोकं असतात. तबकडीचे पाय त्या भोकांत घालायचे आणि ते बाहेर निसटू नयेत अशी सोय करायची. बस्स! ही सोय करण्याच्या तीन तऱ्हा आता पाहू या.

पहिली तऱ्हा सगळ्यांत जुनी. पाय भोकातून आरपार पलीकडे काढायचा. पायाच्या टोकाला एक आडवं बारीक छिद्र असतं. त्यात एका टोकाला निमुळती अशी पिन दाबून बसवायची. बैलगाडीचं चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ घालतात ना, अगदी तसंच! इंग्लंडमधल्या जुन्या खिशातल्या घड्याळांत अशा पिना पुष्कळ सापडतात. पण त्या काढताना आणि घालताना हात जरा घसरला तर पाय वाकतो.

दुसरी तऱ्हा कडेच्या स्क्रूची. प्लेटच्या जाडीत, कडेकडून आत, पायाच्या भोकापर्यंत एक आडवं भोक पाडतात. त्यात स्क्रू असतो. स्क्रू आवळला की त्याचं टोक पायाच्या अंगात रुतून बसतं. आता कळलं पाय तांब्याचे का ते? तांबं मऊ असतं. स्क्रूचं टोक त्यात रुततं आणि पाय घट्ट धरला जातो. अमेरिकेत वॉल्थॅम आणि एल्जिन या कंपन्यांनी लाखो खिशातली घड्याळं बनवली. त्यांच्या घड्याळांत ही कडेच्या स्क्रूची रीत पाहायला मिळते.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यांत आवडते. तुमच्या घरच्या जुन्या खिडकीला लाकडी खिट्टी आहे का? आडवी फिरवली की खिडकी बंद, उभी फिरवली की मोकळी. या तऱ्हेचा स्क्रू अशी खिट्टीच असतो! त्याचं डोकं पूर्ण गोल नसतं, एका बाजूने कापलेलं असतं. तो पायाच्या शेजारी, प्लेटच्या मागच्या अंगाला बसवलेला असतो. कापलेली बाजू पायाकडे असली की पाय मोकळा. अर्धा वळसा दिला की डोक्याची धारदार गोल कड पायाच्या अंगात शिरते आणि त्याला आत ओढून धरते. स्क्रू बाहेर काढायला नको आणि हरवायला नको. नुसता अर्धा वळसा!

आता प्रश्न असा, की पाय तीनच का? एकच पाय असता, तर तबकडी त्याच्याभोवती गरगर फिरली असती. दोन असते, तर फिरली नसती, पण मोठी तबकडी दोन पायांच्या रेषेवर सी-सॉसारखी डुलू शकली असती. तीन पाय तीन दिशांना असले की डुलायला वावच नाही. चुलीला दगड तीन, तिपाईला पाय तीन, तसेच इथेही तीन. हातघड्याळाची तबकडी लहान आणि हलकी, म्हणून तिचं बहुधा दोन पायांवर भागतं.

आणखी एक गंमत. हे तीन पाय बहुधा सारख्या अंतरावर नसतात. एक इकडे, एक तिकडे. मागची चाकं चुकवून त्यांना जागा शोधावी लागते ना! पण त्याचा एक फायदाही होतो. तबकडी एकाच तऱ्हेने बसते. १२ च्या जागी ४ येण्याची भीती नाही. शिवाय एका बनावटीची तबकडी दुसऱ्या बनावटीच्या प्लेटवर सहसा बसत नाही, कारण पायांच्या जागा जुळत नाहीत. म्हणून एखाद्या जुन्या घड्याळाच्या तबकडीचे पाय कापलेले दिसले आणि ती चिकटवलेली असली, तर जाणकार माणूस लगेच म्हणतो, ‘ही तबकडी या घड्याळाची नव्हे!’

बरं, समजा, एखादा स्क्रू सैल झाला आणि तबकडी किंचित उचलली गेली, तर काय बिघडलं? दिसायला जरा वाईट, एवढंच ना?

नाही मुलांनो, इथेच खरी गोम आहे. मिनिटकाटा एका तासात एक फेरा घेतो आणि तासकाटा बारा तासांत एक. हा हिशोब तबकडीच्या पाठीमागची छोटी चाकं सांभाळतात. एक जोडी वेग तिपटीने कमी करते आणि दुसरी चौपटीने. ३ गुणिले ४ म्हणजे १२! तासकाटा ज्या चाकावर असतो, ते चाक मिनिटकाट्याच्या नळीवर नुसतं सैल ठेवलेलं असतं. त्याला वर उचलू न देण्याचं काम कोण करतं? तबकडी! चाक आणि तबकडी यांच्यामध्ये पुष्कळदा पितळेची कागदासारखी पातळ चकतीही ठेवतात. तबकडी उचलली गेली, की ते चाकही उचललं जाऊ शकतं. मग त्याचे दाते शेजारच्या दात्यांतून सुटतात. मिनिटकाटा पुढे जातो आणि तासकाटा मागे राहतो. घड्याळ टिकटिक करतंय, मिनिटं बरोबर दाखवतंय, आणि तास चुकीचा! बंद पडलेलं घड्याळ निदान लक्षात तरी येतं. चालणारं घड्याळ चुकतंय, हे लवकर कुणाला कळत नाही.

चुकलेल्या वेळेची किंमत केवढी असू शकते, याची एक खरी गोष्ट सांगते. अमेरिकेच्या ओहायो राज्यात किप्टन नावाचं एक लहान स्टेशन होतं. १८९१ च्या एप्रिल महिन्यात तिथे एक टपालगाडी आणि एक प्रवासी गाडी समोरासमोर आदळल्या. प्रवासी गाडीने वेळेआधी बाजूच्या रुळावर जाऊन टपालगाडीला वाट द्यायची होती. गाडीवरच्या एका कर्मचाऱ्याचं घड्याळ मध्येच चार मिनिटं थांबून पुन्हा चालू झालं होतं, असं सांगतात. या अपघातात टपालाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. चार मिनिटांत केवढा अनर्थ!

हा अपघात सैल तबकडीमुळे झाला नव्हता, बरं का. पण त्यानंतर क्लीव्हलंड शहरातले घड्याळांचे व्यापारी वेब बॉल यांच्याकडे रेल्वेची घड्याळं तपासण्याचं काम आलं. तिथल्या रेल्वेच्या घड्याळांसाठी कडक नियम झाले. आठवड्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. तबकडी पांढरी आणि साधी हवी, तिच्यावरचे आकडे ठळक हवेत, म्हणजे धावत्या इंजिनातही नजर टाकताक्षणी वेळ कळेल. अशी ठळक तबकडी जागच्या जागी धरून ठेवणारे कोण? तर पाठीमागचे ते तीन तांब्याचे पाय, जे कुणाला कधी दिसले नाहीत.

घड्याळजी तबकडी कशी काढतात, तेही पाहण्यासारखं असतं. आधी काटे अलगद उचलायचे. मग यंत्र पेटीतून बाहेर काढायचं. तिन्ही स्क्रू थोडे थोडे सैल करायचे आणि तबकडी सगळीकडून सारखी वर उचलायची. घाई करून एकाच बाजूने उचकटली, की पाय वाकलाच आणि इनॅमलचा टवका उडालाच! मग ते सैल झालेले कडेचे स्क्रू पुन्हा हलकेच आवळून ठेवायचे, म्हणजे काम चालू असताना कुठे पडायचे नाहीत. परत बसवतानाही एकच स्क्रू करकचून आवळायचा नाही. तिन्ही पाळीपाळीने, बेताने आवळायचे.

आता तुम्ही करून पाहा

जाड पुठ्ठ्याची एक चकती आणि तेवढ्याच आकाराची थर्मोकोलची एक जाड चकती कापा. दोन्ही एकावर एक ठेवून, मोठ्या माणसांच्या मदतीने, दाभणाने तीन भोकं पाडा. अंतरं मुद्दाम कमीजास्त ठेवा. पुठ्ठ्याच्या भोकांत गूल काढलेल्या तीन आगकाड्या बसवून डिंकाने पक्क्या करा. हे झाले तबकडीचे पाय. डिंक वाळला की ते थर्मोकोलच्या भोकांत घाला. आता थर्मोकोलच्या कडेतून आडव्या टाचण्या अशा खुपसा, की त्या आगकाड्यांना दाबून धरतील. हे झाले कडेचे स्क्रू! आधी एकच टाचणी लावून चकती उलटी करून हलवा, मग दोन लावून, मग तीन. काय फरक पडतो, तो वहीत लिहून ठेवा.

आईबाबांसाठी दोन शब्द

घरात पणजोबांचं घड्याळ असेल, तर मुलांना जरूर दाखवा. आपल्याकडच्या अनेक जुन्या घड्याळांच्या तबकडीवर ‘वेस्ट एंड’ हे नाव दिसतं, ते शोधायला सांगा. पण घड्याळ घरी उघडू नका. आणि एक महत्त्वाची सूचना. विसाव्या शतकातल्या काही घड्याळांचे आकडे आणि काटे अंधारात चमकावेत म्हणून त्यांना रेडियमचा रंग लावलेला असे. आज तो चमकत नसला, तरी रेडियम तिथेच असतं. ते निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. आकड्यांवर पिवळट किंवा तपकिरी जाड रंग दिसला, तर तो खरवडू नका आणि असं घड्याळ मुलांच्या हाती उघडं देऊ नका.

मुलांनो, जाता जाता पुढच्या आठवड्यासाठी एक प्रश्न. भिंतीवरच्या घड्याळाला लंबक असतो. मग खिशातल्या घड्याळात लंबकाचं काम कोण करतं? विचार करा, घरी विचारा, आणि उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा. अक्षर मात्र सुवाच्य हवं हं!